तिसऱ्या ओळीतला श्वास

लाउपाहोएहोए, हामाकुआ
१८ नोव्हेंबर १९९४

प्रिय ताई,

अलोहा. तुझी शिष्या फुमिए सुखरूप पोचली आहे. आमच्याकडेच राहते, लिलियाच्या खोलीत. भात आमच्यापेक्षा चांगला शिजवते, पोई मात्र अजून डोळे मिटून गिळते. तिकडे जपानला, हामामात्सुला, काही कळवू नकोस, ताईला मीच लिहीन, असं मी तिला सांगितलंय. तेव्हा तिचा फोन आला नाही म्हणून तिच्यावर रागावू नकोस. रोज लिहायला बसते आणि उठते, असं माझं चाललं होतं.

बाकी इकडे सगळं ठीक. मिल बंद झाली ते तुला कळलं असेल. शेवटचे उसाचे ट्रक गेले तेव्हा गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं होतं, एखाद्याला पोचवायला आल्यासारखं. मॅनी आता घरी असतो. कोंबड्यांचं खुराडं त्याने मोडून पुन्हा बांधलं, आणि आता त्याची नजर माझ्या स्वयंपाकघराच्या फळ्यांवर आहे. लिलिया उंचीने मला मागे टाकून गेली. नाचताना गुडघे मात्र तुझ्यासारखेच खोल वाकवते, ते माझ्याकडून आलेलं नाही. आईची तब्येत बरी आहे. घसा तेवढा बसलाय.

दरवर्षी ख्रिसमसच्या कार्डावर मी तुला हेच लिहिते, हवा, कोंबड्या, आईची तब्येत. तूही तेच लिहितेस, फक्त कोंबड्यांच्या जागी तुझा क्लास. या वेळी तसं लिहून मला पाकीट चिकटवता येणार नाही. पण सुरुवात कुठून करू ते कळत नाही, म्हणून झालं तसंच क्रमाने सांगते.

फुमिए आली त्या दुपारी मी ओढ्यातून वर येत होते. शनिवारच्या वर्गासाठी नेचाची पानं काढायला गेले होते. पाऊस आपल्याकडचा, जाड. हालाऊच्या, आपल्या नाचाच्या शाळेच्या, अंगणात शिरले तर पायरीवर एक अनोळखी मुलगी उभी. छत्री मिटून बाजूला ठेवलेली, चपला काढून नीट जोडून ठेवलेल्या, केस कपाळाला चिकटलेले, नजर बंद दारावर. आणि ती आत घ्या असं मागणं म्हणत होती. आपल्या घरचं मागणं, टूटूआजीच्या आजीपासून आलेलं, जे या पायरीशिवाय दुसरीकडे कुठे म्हटलं जात नाही असं मी समजत होते.

पायरीवर मागणारं माणूस उभं असताना त्याला ओलांडून आत जायचं नाही. मी पानांचा भारा खाली ठेवला आणि तिच्या मागे उभी राहिले. मला वाटलं, कोणत्या तरी बेटावरच्या शाळेतून आली असेल, कुणाकडून तरी ऐकून शिकली असेल. आई दोन-चार वेळा म्हणायला लावेल, मग आतून उत्तर देईल, आणि मीही तिच्या मागोमाग कोरड्यात जाईन.

मग तिने तिसऱ्या ओळीच्या मध्यावर श्वास घेतला.

ताई, तिथे कुणी श्वास घेत नाही. आई घेत नाही, मी घेत नाही, तीस मुली आहेत त्यांच्यातली एकही घेत नाही. तिथे फक्त तू घ्यायचीस. तुला दमा होता, आणि आई म्हणायची, "छाती लहान आहे म्हणून ओळ कापायची नाही. छाती मोठी कर." तू बंदरावर बुड्या मारमारून छाती मोठी केलीस, दमाही गेला, पण ती जागा तुझ्या अंगातून गेली नाही. माझ्यापुढे उभी असलेली मुलगी खांद्यांनी चांगली रुंद होती. शाळेत असताना पोहण्याच्या शर्यतीत उतरायची, हे नंतर कळलं. तिला त्या श्वासाची काही गरज नव्हती. तरी दर वेळी, नेमक्या त्याच अक्षरापाशी, ती थांबायची.

मला थंडी वाजायला लागली, ती पावसाची नव्हती.

आतून उत्तर आलं नाही. तिने पुन्हा म्हटलं. उत्तर नाही. पुन्हा म्हटलं. मी मागे उभी राहून ऐकत होते आणि मला राग चढत होता. कारण मला वाटलं, मी ओळखलं तसं आईनेही ओळखलंय. तुझा श्वास ऐकलाय, आणि तुला जसं उभं ठेवलं तसंच हिलाही ठेवणार आहे.

तू विमानतळावरून मला हिलोच्या दवाखान्यात फोन केला होतास ते मला शब्दन् शब्द आठवतं. लिलिया कुशीत होती, नर्स फोन धरून उभी होती. तू म्हणालीस, "सकाळपासून मागितलं, लाहेला. आवाज फुटेपर्यंत मागितलं. तिने उत्तर दिलं नाही. आता हा विषय माझ्याकडे काढू नकोस." मी काढला नाही. तिच्याकडे तर प्रश्नच नव्हता. आई आपली कुमू, गुरू, आणि गुरूला प्रश्न विचारायचा नसतो, बघायचं आणि करायचं. आणि कोना गावातल्या हॉटेलात, जेवणाऱ्या पाहुण्यांपुढे, प्लास्टिकच्या झालरीचा घागरा नेसून तू पणजीचा नाच नाचलीस, त्यानंतर आई तुला काय म्हणाली होती ते आपल्याला दोघींना ठाऊक होतं. "आजपासून तुलाही दार आहे. ये, माग, मग बघू." तू गेलीस, मागितलंस, तिने बघितलं. मला वाटलं, सगळं मला कळलेलं आहे.

त्या मुलीचा आवाज चिरायला लागला तेव्हा मी एक गोष्ट केली जी जन्मात केली नव्हती. हालाऊला वळसा घालून मागच्या दाराने आत गेले.

आत आई आणि वर्नाआंटी चटईवर बसून ठेक्याच्या भोपळ्यांना तेल चोळत होत्या. वर्नाआंटी तुझ्या वेळेसारखीच आहे, फक्त आता पोस्टातून निवृत्त झाल्यामुळे दिवसभर इथेच असते. मला बघून तिचा हात थांबला.

"अगं, चिखल! आणि मागच्या दाराने? मॅनीने घराला आग लावली का?"

"आई," मी म्हणाले. हालाऊत मी तिला कधी आई म्हणत नाही. "राग ताईवर आहे ना तुझा? मग त्या पोरीला का उभं केलंस? तिचे ओठ निळे पडलेत."

आईने मांडीवरचा भोपळा खाली ठेवला. "कुठली पोर?"

"दारातली."

"दारात कोण आहे?"

मला आणखी राग आला. वाटलं, हीसुद्धा शिक्षाच आहे, ऐकून न ऐकल्यासारखं करायचं. मी म्हणाले, "मी सगळं ऐकलंय, मागे उभी होते. तूही ऐकलंयस."

"काय म्हणतेस ते मोठ्याने म्हण," आई म्हणाली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, ताई. आम्ही तिघी त्या खोलीत ओरडून बोलत होतो. हाताच्या अंतरावर बसलेल्या बायका, आणि ओरडून. डोक्यावर पत्रा वाजत होता.

आई उठली. दार उघडलं नाही, ते तिला उघडता येत नाही, आधी मागणं ऐकावं लागतं. ती दाराजवळ गेली आणि कान लाकडाला लावून उभी राहिली, लहान मुलं उभी राहतात तशी. मी तिचा चेहरा बघत होते. पहिली ओळ गेली असावी. दुसरी गेली असावी. मग आईची बोटं दारावर पसरली. एखादं जनावर अंगावर येत असताना आपण हात पुढे करतो तशी.

तिने उत्तर दिलं. पहिल्यांदाच मी तिला उत्तराच्या मध्ये अडखळताना ऐकलं. मग दार उघडलं.

वर्नाआंटीने फुमिएला टॉवेल गुंडाळला आणि म्हणाली, "बस, बस. इतका वेळ मागायला तुला देवाचं घर पाहिजे होतं की काय?" पोरगी थरथरत होती, तरी आधी कपाळ चटईला टेकवून आईला नमस्कार केला. तू नीट शिकवलंयस.

आईने विचारलं, "मागणं कुणी दिलं?"

"कामायले सेन्सेईंनी."

तुझं हे नाव त्या खोलीत किती वर्षांनी उच्चारलं गेलं. वर्नाआंटी दुसरीकडे बघायला लागली.

"तिसऱ्या ओळीत श्वास का घेतेस?"

फुमिएने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. "तिथे श्वास घ्यायचा नसतो, कुमू. तिथे थांबून ऐकायचं असतं. आत कुणी आहे का, ते. सेन्सेई तसंच शिकवतात."

"आणखी काय सांगितलंय तुझ्या सेन्सेईने?"

"म्हणाल्या, माझ्याकडचं संपलं, पुढचं तिथे मिळेल. पत्र देणार नाही, जाऊन माग. उत्तर आलं नाही तर रडायचं नाही." ती शब्द शोधत शोधत बोलत होती. "म्हणाल्या, मी त्याच पायरीवर सकाळपासून उभी होते. असाच पाऊस होता. तुला तेवढं उभं राहता येणार असेल तरच जा."

"कोण उभी होती?" आईने विचारलं.

"सेन्सेई."

"कधी?"

फुमिएला ते सांगता येईना. मी म्हणाले, "लिलिया झाली तेव्हा. जपानला जायच्या दिवशी."

आई माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं, आणि तेच मला बघवेना. "तुला ठाऊक होतं?"

"मला तिने फोनवर सांगितलं होतं. पण तू तर आत होतीस, आई. मला वाटलं..."

"मी आत होते," ती म्हणाली. "तू माग असं तिला सांगितलं आणि आत येऊन बसले. घरी गेले नाही. वर्नाला विचार."

वर्नाआंटी अगदी हळू म्हणाली, आणि पावसात ते मला तिच्या ओठांवरूनच कळलं, "मी डबा आणायचे. मागच्या दाराने. झोपायचीही इथेच. आठवडा गेला."

"ती आलीच नाही," आई म्हणाली. "मला वाटलं, मागायचा कमीपणा वाटला तिला. आईकडे मागण्यापेक्षा समुद्र ओलांडणं सोपं वाटलं. इतकी वर्षं मी हेच धरून बसले."

ताई, इथवर लिहून मी काल उठले. पुढचं लिहायच्या आधी एकदा हालाऊत जाऊन आले, पायरीवर उभी राहिले. कशासाठी ते विचारू नकोस.

आईने मग काय केलं ते सांगते. ती आम्हाला म्हणाली, "इथेच बसा. दार लावून घ्या." आणि अनवाणी बाहेर गेली. तिच्या स्वतःच्या आजीने तिला शाळा सोपवली त्यानंतर ती त्या दाराबाहेर मागणारी म्हणून कधी उभी राहिलेली नाही. वर्नाआंटीने कडी घातली. आम्ही तिघी बसलो. मी आईच्या जागेवर नाही बसले, तिच्या बाजूला बसले.

पत्रा वाजत होता. मी दारावर नजर लावून सगळं अंग कान करून बसले होते आणि मला फक्त पत्रा ऐकू येत होता. थोड्या वेळाने वर्नाआंटीने विचारलं, "सुरू केलं असेल का?" मी म्हणाले, अजून नसेल. पुन्हा थोडा वेळ गेला. फुमिए उठून खिडकीच्या काचेपाशी गेली आणि तशीच थांबली. मग मीही गेले.

आई पायरीवर उभी होती. मान वर, छाती भरलेली, मानेच्या शिरा दोरीसारख्या ताठ, तोंड पूर्ण उघडं. डोंगरापलीकडच्या माणसाला हाक मारताना असते तसं. आणि आवाज नाही. काचेच्या अलीकडे तिचा एक शब्दसुद्धा येत नव्हता. मी बघत होते आणि मला वाटलं, माझेच कान गेले. मी चुटकी वाजवून बघितली.

ती तिसऱ्या ओळीवर आली ते मला तिच्या ओठांवरून कळलं. आई तिथे थांबली. आई, जिने त्या जागेसाठी तुझ्या पोटरीवर काठी मारली होती, ती तिथे थांबली आणि दाराकडे कान करून उभी राहिली.

उत्तर मला पाठ आहे. पण ते द्यायचा अधिकार फक्त तिला आहे, आणि ती बाहेर होती. आत कुणीच नव्हतं.

मी वर्नाआंटीला म्हणाले, "पुरे, आत आणू या तिला."

"मागणाऱ्याला हात धरून आत आणतात का?" वर्नाआंटी म्हणाली आणि रडायला लागली. तिला मी रडताना पोस्टातून निवृत्त झाली तेव्हाही पाहिलं नव्हतं.

आई आवाज पूर्ण जाईपर्यंत थांबली नाही. मग स्वतःच दार वाजवलं. आत आली, पाणी गळत होतं, आणि कुजबुजल्यासारखं विचारलं, "ऐकलंस?"

मी म्हणाले, "नाही."

तिने मान हलवली. कुणीतरी हिशेब बरोबर आहे असं सांगितल्यावर हलवावी तशी. आणि भोपळ्याजवळ जाऊन बसली.

तू विचारशील, मग इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही. मीही तेच विचारते आहे, दिवसरात्र. शनिवारी मुली ओळीने उभ्या राहून मागतात, तीस गळे एकदम, ते पावसाला फाडून आत येतं. नव्या मुली जूनमध्ये येतात, शाळा सुटल्यावर, आयांबरोबर, उन्हात. एकटं माणूस, पावसात, त्या पायरीवर कधी येतं? चूक केलेलं माणूस येतं. तेवढंच. आणि तसं आपल्याकडे तूच एक होतीस. तू उभी राहिलीस ते बाहेरून बरोबर होतं, ती बसून राहिली ते आतून बरोबर होतं. दार वाजवायचं नाही हे तिनेच तुला शिकवलं होतं आणि आधी दार उघडायचं नाही हे तिच्या आजीने तिला. पूर्वी तिथे लाकडी फळ्यांचं छप्पर होतं, त्याखाली पाऊस नुसता कुजबुजायचा. पत्रा त्याच महिन्यात चढला होता. तू पाहिलाही नसशील नीट.

पत्रा मॅनीने ठोकला होता. लग्नानंतर पहिल्यांदा पगारातून काही शिल्लक पडलं आणि सासूसाठी काहीतरी करावं म्हणून मिलमधल्या चार मित्रांना घेऊन त्याने दोन रविवारांत छप्पर घातलं. त्या संध्याकाळी मी त्याला सगळं सांगितलं. तो जेवत होता. त्याने ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाला, "चांगला जाड आणला होता मी. हलका पत्रा वाजतो म्हणून मुद्दाम जाड." एवढंच. पोर्तुगीज माणूस, घरात सतत बडबड करणारा, तो दुसऱ्या दिवशीही बोलला नाही. उजाडताच शिडी घेऊन हालाऊपाशी गेला आणि खाली उभा राहिला, आईची परवानगी मिळेपर्यंत. आईने वर बोट दाखवलं. मग दिवसभर खिळे उपसल्याचा आवाज.

आता घशाचं. मी वर लिहिलं, घसा बसलाय. आवाज परत येईना तेव्हा मी तिला बळेच हिलोला नेलं. डॉक्टरने घशात आरसा घालून बघितलं. सूज आहे ती उतरेल, म्हणाला, पण सुजेच्या खाली एक गाठ आहे, ती जुनी आहे. काढावी लागेल, आणि लवकर. काढल्यावर आई जेवेल, चालेल, नाचेलही. आवाज राहील का, ते तो सांगत नाही. मी विचारलं तर म्हणाला, "कुजबुज राहील." आणि तोवर आवाज वापरायचा नाही, असला-नसला सगळा जपून ठेवायचा.

तो तारीख द्यायला लागला तेव्हा आईने हात वर केला. डॉक्टरला वाटलं तिला काही विचारायचंय. तिने उजवा हात ओठांपासून पुढे नेला, सावकाश, तळवा वर, बोटं उघडत. आपण हाक दूर जाते असं दाखवताना नेतो तसाच. मग तोच हात दार उघडल्यासारखा बाजूला केला. मग गळ्यावर बोट ठेवलं. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणाले, "त्या म्हणतात, आधी उत्तर द्यायचं राहिलंय. मग सुरी."

डॉक्टर म्हणाला, "कसलं उत्तर?" मी त्याला काय सांगणार होते.

त्या दिवसापासून ती बोलत नाही. अजिबात नाही. गेल्या शुक्रवारी कोंबडा तिच्या तेल लावून ठेवलेल्या भोपळ्यावर बसला, तरी तिने नुसती चप्पल फेकली. वर्नाआंटी म्हणते, "एवढी शांतता मला सोसत नाही. निदान शिव्या तरी दे." पण वर्ग चालू आहे. आई काठीने जमिनीवर ठेका देते आणि हाताने धरून गुडघे, कोपर, मनगटं जागेवर आणते. फुमिएला आल्यापासून फक्त पायांचं काम दिलंय, खाली बसून तेच ते पाऊल. तिच्या मांड्या रात्री एवढ्या दुखतात की जिना उतरताना ती उलटी उतरते. परवा तिने लिलियाला विचारलं, हात कधी शिकवणार. वर्नाआंटीने ऐकलं. "बाई, इथे प्रश्न विचारला की भांडी घासावी लागतात," म्हणाली, आणि खरंच घासायला लावली. पोरीने घासली. तुझ्यावर गेली आहे, तू मात्र भांडी फोडायचीस.

मी आईला विचारलं, फोनवर देशील का तिला उत्तर? हामामात्सुला लावून देते. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा विचारलं नाही. बरोबर आहे तिचं. दारात उभ्या नसलेल्या माणसाला कुणी आत घेत नाही.

ताई, तू ये असं मी सरळ लिहीत नाही आहे, ते तुझ्या लक्षात आलं असेल. तीन पानं झाली आणि मी कोंबड्या, छप्पर, डॉक्टर करते आहे. मला भीती वाटते तू नाही म्हणशील. तुला तसं म्हणायचा हक्क आहे. तू त्या पायरीवरून गेलीस ती तुझी सगळी माणसं पाठीमागे टाकून, आणि आता मी तुला सांगते आहे की कुणी तुला नाकारलंच नव्हतं. हे ऐकून बरं वाटेल की आणखी वाईट, मला कळत नाही. मला स्वतःला अजून काही वाटत नाही. सकाळी उठते, चूल पेटवते, आणि मग आठवतं, आणि हात जिथल्या तिथे थांबतात.

म्हणून विचारायचं ते विचारत नाही, फक्त आजचं सांगते आणि पत्र बंद करते.

मॅनीने मिलच्या चाळीतल्या मोडलेल्या घरांच्या लाकडी फळ्या आणून छप्पर पुरं केलं. आज सकाळी पाऊस होता. आईने लिलियाला एकटीला पायरीवर उभं केलं, आणि मी, वर्नाआंटी आणि आई आत बसलो. माझ्या लेकीचा आवाज तुला ठाऊक नाही, चिमणीएवढा आहे. दार बंद होतं. पहिल्या शब्दापासून ऐकू आला. मॅनी मागच्या दारात भिंतीला टेकून उभा होता, त्याने टोपी काढली.

तिसऱ्या ओळीच्या मध्यावर लिलिया थांबली. फुमिएकडून उचललं असणार, आता सगळ्याच मुली तिथे थांबायला लागल्या आहेत, त्यांना वाटतं तसंच आहे. मी आईकडे बघितलं. काठी तिच्या हातात होती. तिने ती उचलली नाही. ती थोडी पुढे झुकली, तोंड किंचित उघडलं, श्वास भरून घेतला आणि तो तसाच धरून बसली. लिलियासाठी तो नव्हता. लिलियाला तिने दारावर काठी वाजवूनच आत घेतलं.

डॉक्टर डिसेंबरच्या पुढे थांबायला तयार नाही.

दाराच्या आतल्या बाजूने, जिथून आता सगळं ऐकू येतं,
तुझी
लाहेला